दुपारी तीनची चाचणी

मे महिन्याच्या सुरुवातीला मुलगी धुळ्याहून घरी आली ती दोन बॅगा घेऊन. एरवी एकच असते. दुसरी बॅग मी उचलून आत ठेवली. हातपाय धुऊन जेवायला बसल्यावर तिनंच सांगितलं.

"चेक गेला, मम्मी."

ती धुळ्याजवळच्या एका संस्थेत विमान चालवायला शिकते. ज्या तपासणीत, म्हणजे चेकमध्ये, ती अडली ती नुसत्या काट्यांवर विमान उतरवण्याची. शिकणाऱ्याच्या कपाळावर एक झापड बांधतात, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही. ढगात शिरल्यावर जसं होईल तसं. समोर फक्त घड्याळं. त्यांतल्या एकात दोन काटे असतात. एक सांगतो डावीकडे गेलात की उजवीकडे, दुसरा सांगतो वर आहात की खाली. दोन्ही काटे मधोमध ठेवत विमान धावपट्टीच्या तोंडाशी आणायचं, मग शेजारी बसलेले परीक्षक झापड काढतात. हिची झापड काढली तेव्हा धावपट्टी समोर नव्हतीच, बरीच उजवीकडे होती.

"पुन्हा कधी आहे?"

"सतरा दिवसांनी."

"मग?"

"मग काही नाही. यावेळी नाही झालं तर सोडते. बीएस्सी पूर्ण करीन."

हे बोलून तिनं वरण वाढून घेतलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ही मुलगी रडत काही सोडत नाही, शांतपणे सोडते. नववीत कबड्डी अशीच सोडली. एका दुपारी बूट धुऊन मामेबहिणीला देऊन टाकले, पुन्हा मैदानाकडे फिरकली नाही. त्यामुळे सतरा दिवस हा आकडा माझ्या डोक्यात रुतून बसला.

पाठीवरून हात फिरवणं मला जमत नाही. बावीस वर्षं मी जळगावच्या एका पाइप कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाइपमध्ये पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा, किती दाबाला फुटतो ते लिहायचं, आणि का फुटला ते शोधायचं. काही फुटलं की मला पहिला प्रश्न सुचतो तो एकच.

"नक्की काय चुकतंय?"

"सर म्हणतात, तू काट्याच्या मागे पळतेस. काटा जरा सरकला की मी जास्त वळवते. मग तो दुसरीकडे जातो. मग मी तिकडे पळते."

"सराव कशावर करतेस?"

संस्थेत सिम्युलेटर आहे, पण त्यावर सगळ्यांचा नंबर असतो. बाकीचा सराव ती तिच्या जुन्या लॅपटॉपवर करायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तिनं जॉयस्टिक जोडली, ढग लावले, उतरायला सुरुवात केली. मला विमानातलं काही कळत नाही, पण काटा कळतो. आयुष्य काट्यांकडे बघण्यात गेलंय. हा काटा सरकत नव्हता. जागेवर थांबायचा आणि मग एकदम उडी मारायचा.

"हा मध्येच थांबतो का?"

"लॅपटॉप अडकतो गं. चित्र मागे पडतं."

"म्हणजे तू शिकलीस ते उडी मारणाऱ्या काट्यावर. तो उडी मारणार, मग तू धरणार."

तिनं खेळ थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे सरांच्या पण लक्षात आलं नाही."

"सरांनी तुझा लॅपटॉप कुठे पाहिलाय?"

त्याच संध्याकाळी आम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार सुटे भाग जोडून देणारा माणूस, आमच्या कारखान्यातले कॉम्प्युटरही तोच बघतो.

"ताई, गेमसाठी हवाय का?"

"विमानासाठी."

"म्हणजे गेमच ना."

"भाऊ, ही खरं विमान उडवते."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि हिच्याकडे नीट पाहिलं. "मग इथे कशाला उडवायचं?"

"तिथे आपटायला नको म्हणून," मुलगी म्हणाली.

त्यानं जोडून दिलेला कॉम्प्युटर चांगला होता. पण आम्ही खरा पाऊस, खरे ढग, विमानतळाभोवतीची झाडं-घरं असं सगळं लावलं, की शेवटच्या टप्प्यात काटा पुन्हा किंचित अडकायचा. लॅपटॉपइतका नाही, पण माझ्या डोळ्याला दिसायचा. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, प्रोसेसरचा वेग बनवणाऱ्यांनी जरा हात राखून ठरवलेला असतो. तो वाढवता येतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. "पण ताई, मी करून देणार नाही. वेग वाढला की तो तापतो. हा जळगावचा मे महिना आहे. हिवाळ्यात या, करून देतो."

"कूलर आहे घरी," मी म्हणाले.

"मग काही हरकत नाही," तो म्हणाला. "करून बघा. टप्प्याटप्प्यानं."

या उत्तरानं त्याचंही समाधान झालं आणि माझंही. कूलर आहे म्हटल्यावर आमच्या गावात पुढचं कोणी काही विचारत नाही. एप्रिल ते जून आम्ही कूलरच्या वाऱ्यात उठतो, जेवतो, झोपतो. पंख्याची गणती जशी सामानात होत नाही तशी कूलरचीही होत नाही. माझी चूक इथेच झाली, पण ती कळायला आठवडा जायचा होता.

वेग वाढवणं हे काम मला अनोळखी नव्हतं. कारखान्यात पाइपची लाईन रोज कोणीतरी वाढवा म्हणतंच. एकदम वाढवली तर पाइपची भिंत एका बाजूला पातळ पडते. म्हणून थोडी वाढवायची, थांबायचं, मोजायचं, लिहायचं, मग पुढे. घरीही मी तेच केलं. चार दिवस रजा टाकली. साहेबांना घरगुती काम आहे एवढंच सांगितलं. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबून धरलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं. ते मुलगी उघडायची, मी एक पायरी वेग वाढवायला सांगायची. मग बेंचमार्क, म्हणजे ठरलेली परीक्षा. दर वेळी तेच उड्डाण: जळगावचीच धावपट्टी, तेच ढग, तोच पाऊस, तेवढ्याच उंचीवरून सुरुवात. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात ते कोपऱ्यात दिसतं. मुलगी सरासरी सांगायला लागली तर मी थांबवलं.

"सरासरी नको. सर्वांत कमी किती झाले ते सांग."

"सगळे जण सरासरीच बघतात, मम्मी. नेटवर बघ."

"पाइप सरासरी जाडीला फुटत नाही. पातळ असेल तिथे फुटतो."

तिनं सर्वांत कमी आकडा सांगितला. सत्तावीस. पहिल्या पायरीला एकोणतीस. दुसरीला तीस. अशा सहा पायऱ्या चढलो तेव्हा अडतीस झाले. सातव्या पायरीला निळा पडदा येऊन कॉम्प्युटर बंद पडला. फुटण्याची जागा सापडली. सहाव्या पायरीवर परत आलो. प्रोसेसर चौऱ्याऐंशी अंशांवर होता. पंचाण्णवला तो स्वतःच हात आखडतो, म्हणजे अजून जागा होती. हवा लागावी म्हणून मी कॉम्प्युटरच्या डब्याचा, म्हणजे कॅबिनेटचा, एका बाजूचा पत्रा काढून ठेवला आणि कूलर चाकांवरून ओढत आणून थेट त्याच्या समोर लावला. हेही वहीत लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

घरात तेव्हा माझे सासरे होते. भडगावकडच्या गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले, हिरवा चष्मा लावून हॉलमध्ये खाटेवर पडून असायचे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते आमच्याशीही खानदेशीतच बोलतात. मिस्टर त्या महिन्यात कामासाठी बाहेरगावी होते, शनिवारी यायचे. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे नवीन वस्तू घेतली आणि चार दिवसांत तुम्ही ती किती ताणली की मोडते ते बघताय?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "तुझ्यासाठी नवीन नाही."

काटा आता तेलातून सरकावा तसा सरकत होता. मुलगी दिवसाला सहा-सहा उतरणी करायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं सलग चार वेळा विमान धावपट्टीच्या मधोमध आणलं. चौथ्यांदा आणलं तेव्हा तिनं मागे वळून "बघितलंस?" असं विचारलं. घरी आल्यापासून तिचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊनच जाऊन बघितलं.

मग ती दुपार आली. चेकला आठ दिवस राहिले होते. ती उतरणीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात होती, जमिनीपासून तीनशे फुटांवर. काट्यानं आधी एक उडी मारली. मग दुसरी. तिचा हात त्याच्यामागे गेला, मला तो जाताना दिसला. मग पडदा काळा झाला.

तिनं हेडफोन काढले. समोरचा उतरणीच्या आकड्यांचा कागद दोनदा दुमडून जॉयस्टिकखाली ठेवला.

"बघ," ती म्हणाली, "जमायला लागलं की असं होतं."

"मशीन बंद पडलंय. तुझा काय संबंध?"

"त्याच्या आधी मी पळाले काट्यामागे. तू पाहिलंस."

पाहिलं होतं, त्यामुळे नाही म्हणता येईना. ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. उन्हाळ्यात दुपारी झोपणाऱ्यांतली ती नाही. मला कबड्डीचे बूट आठवले. घाबरले म्हणायला हरकत नाही. मग मला जे येतं ते मी करायला बसले.

वही काढली. सहाव्या पायरीवर एवढी उड्डाणं झाली, कधी बंद पडला नाही. वेग तोच, उड्डाण तेच, ढग तेच. मग आज काय वेगळं? कॉम्प्युटर पुन्हा चालू होत नव्हता. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर भाजला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याही पाठीवर घामाची धार लागली आहे. खोलीत वारा नव्हता.

मी हॉलमध्ये गेले. कूलर आबांच्या खाटेला टेकलेला. धोतराचा सोगा वाऱ्यावर उडतोय आणि आबा हिरव्या चष्म्यात तृप्त.

"आबा, कूलर कोणी फिरवला?"

"मीच फिराई दिन्हा." आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवत होतो तेव्हा त्यांनी तो ओढून नेला होता, आणि नंतर पडद्यात बुडालेल्या आम्हाला ते कळलंही नव्हतं.

"अहो, तिकडे काम चालू होतं."

"बठ्ठी हवा त्या डबालेच का? मी काय मानूस नही शे?" सगळी हवा कॉम्प्युटरलाच का, ही त्यांची तक्रार. मग मानही न वळवता त्यांनी विचारलं, "इमान पडनं का?"

"पडलं."

"मंग जाऊ दे. मानूस वाचना ना."

मी तिथेच खाली फरशीवर बसले. रागावू कोणावर? कारखान्यात एखाद्या मुलानं पाण्याचं तापमान न लिहिता दाबाचा आकडा आणून दिला, तर तो कागद मी त्याच्यासमोर फाडते. प्लॅस्टिकचा पाइप थंड पाण्यात जेवढा दाब सोसतो तेवढा गरम पाण्यात सोसत नाही, हे तिथे झाडूवाल्या मावशींनाही माहीत आहे. आणि मी चार दिवस रजा टाकून जी चाचणी केली तिच्यात खोलीचं तापमान एकदाही लिहिलं नव्हतं. माझे अडतीस चित्रांचे आकडे कॉम्प्युटरचे नव्हतेच, कूलरचे होते.

पुढचा धक्का कॅबिनेटमध्ये होता. बॅटरी घेऊन आत पाहिलं तर पंख्याच्या पात्यांवर, सर्किटच्या हिरव्या पाटीवर, जोडण्यांवर सगळीकडे पांढरी बारीक भुकटी. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. बादलीला, नळाला, स्टीलच्या भांड्यांना त्याचा पांढरा थर बसतो. कूलरच्या गवतातून उडणारे बारीक तुषार मी चार फुटांवरून, पत्रा काढून, थेट आत सोडले होते. हे कोणी दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याला काय काय बोलले असते ते मला माहीत आहे.

दुकानदाराला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं.

"ताई, तुम्हाला कूलर आहे का विचारलं तेव्हा मला वाटलं खोलीत आहे."

"तुम्ही विचारलं नव्हतं, मी सांगितलं होतं."

"तेच ते." मग त्यानं सांगितलं, "आता चालू करू नका. प्लग काढा. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. पाणी, फडकं काही लावू नका. दोन तास मोकळ्या कोरड्या जागेत ठेवा. मग चालू झाला तर झाला."

"आणि नाही झाला तर?"

"तर मी येतो. आधी झाडा."

मी मुलीच्या खोलीत गेले. ती जागीच होती.

"तुझा पावडरचा ब्रश दे."

"कशाला?"

"माझी चूक झालीये, ती झाडायची आहे."

हे ऐकून ती उठून बसली. मी तिला सगळं सांगितलं: कूलर, वही, पाण्याचा क्षार, आबा. बोलता बोलता मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. "तू? तापमान लिहायला विसरलीस? तू?" हसू थांबेना. मी हसू दिलं.

दोघी खाली बसून भुकटी झाडायला लागलो. ती पाती धरून ठेवायची, मी ब्रश फिरवायची. हात चालू असले की मला विचारता येतं.

"तुझा चेक कधी झाला होता? किती वाजता?"

"सकाळची वेळ होती. पण माझ्याआधीच्या दोघांना वेळ लागला. माझा नंबर आला तेव्हा अडीच वाजले होते."

"आणि सराव कधी करायचीस?"

"सकाळी साडेसहाला. तेव्हा हवा शांत असते. सगळे तोच नंबर मागतात, मला..." ती थांबली. ब्रशखालचं पातं तिच्या हातातून सुटलं.

"दुपारी हवा कशी असते?"

"दुपारी जमीन तापलेली असते. हवा वर फेकते. विमान एकसारखं उडतं, आपटतं. काटे थरथरतात. मला वाटलं मीच..." ती पुन्हा थांबली. "मम्मी, मी दुपारी काट्यांवर एकदाही उतरले नव्हते. एकदाही नाही."

"मग तुझे सगळे आकडे सकाळचे."

"कूलरसमोरचे," ती म्हणाली.

कॉम्प्युटर अडीच तासांनी चालू झाला. बटण दाबलं, पंखा अर्ध्या फेऱ्यावर अडला नाही, पुढे फिरला, आणि पडद्यावर अक्षरं आली. माझा श्वास इतका जोरात सुटला की हॉलमधून आबांनी "काय व्हयनं?" विचारलं. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला सुटका हाच शब्द आहे. वस्तू वाचली म्हणून होतं, पण तेवढंच नव्हतं. आता चूक कुठे आहे ते माहीत होतं. चुकीची जागा सापडली की मला झोप लागते.

मी रजा आणखी आठवडाभर वाढवली आणि दुसऱ्या दिवसापासून चाचणी दुपारी तीनला. पत्रा लावलेला, कूलर आबांकडे, खिडकी बंद. खोलीत एकोणचाळीस अंश. ते वहीत सर्वांत वर लिहिलं. सहाव्या पायरीवर पाच मिनिटांत प्रोसेसर पंचाण्णवला. पाचव्यावर नऊ मिनिटांत. तिसरी पायरी तासभर टिकली. कारखान्याच्या सवयीनं आणखी एक खाली उतरून दुसऱ्या पायरीवर थांबले. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, मग ओव्हरक्लॉक केलंच कशाला? दोन पायऱ्यांनी काय होतं?" मी म्हटलं, दोन खऱ्या पायऱ्या आहेत.

सर्वांत कमी आकडा आता तीसच येत होता आणि काटा किंचित अडकत होता. मी पडद्याकडे बघत बसले. बाहेर नुसता पांढरा ढग.

"ही झाडं कुठे आहेत? तू लावली आहेस ना झाडं?"

"आहेत. ढगाखाली."

"दिसतात?"

"नाही. ढगात काही दिसत नाही."

"मग ती कशाला काढतोय आपला कॉम्प्युटर?"

तिनं झाडं बंद केली. मग घरं, रस्त्यावरच्या गाड्या, पाण्यातली प्रतिबिंबं, सावल्या. सर्वांत कमी आकडा एकेचाळीस झाला. पाच दिवस आम्ही कॉम्प्युटर पिळत होतो ते न दिसणारी झाडं रंगवण्यासाठी. यावर दोघींनीही काही बोलायचं नाही असं न बोलता ठरलं.

मग तिनं दुपारची खवळलेली हवा लावली. पहिले दोन दिवस फार वाईट गेले. एकही उतरण जमली नाही. काटे थरथरायचे, ती पळायची, विमान धावपट्टी सोडून कुठेतरी कानळदा गावाकडे निघायचं. घामानं जॉयस्टिक निसटायची. पण आता ती आत जाऊन झोपत नव्हती. "काल सहा वेळा पळाले, आज चार," असं ती मोजायची. वही तिनं माझ्याकडून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "खरं विमान हलतं गं. खुर्ची नाही हलत इथे."

मी तिच्या मागे स्टुलावर बसले आणि पायानं खुर्ची हलवायला लागले.

"एवढं नसतं हलत."

"मग कमी करू?"

"नको. राहू दे."

असं आम्ही रोज तासभर करायचो. माझी पोटरी दुखायला लागली. आबा दारात येऊन हिरव्या चष्म्यातून बघायचे आणि मान हलवत परत जायचे. चौथ्या दिवशी मला तिच्या हातातला फरक दिसला. काटा थरथरला तरी तिचा हात लगेच जात नव्हता. थांबायचा. काटा खरोखर एका बाजूला निघालाय अशी खात्री झाली की मग एवढासा वळायचा, आणि पुन्हा थांबायचा. मी जोरात लाथ मारली तरी थांबायचा.

चेकच्या दिवशी मी गाडीनं तिला धुळ्याला नेलं. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. आत जाताना मी काही शुभेच्छा वगैरे दिल्या नाहीत. पाण्याची बाटली दिली. नंबर कधी लागेल ते कोणी सांगितलं नव्हतं. मी गेटबाहेर कडुनिंबाखाली गाडी लावून बसले. दहा वाजले, अकरा वाजले. एक विमान जायचं, यायचं. बारा वाजल्यावर लोखंडी गेटवरची हवा हलताना दिसायला लागली. एरवी मी म्हणाले असते, लवकर होऊ दे बाई, ऊन वाढतंय. त्या दिवशी मला वाटलं, होऊ दे दुपार.

पावणेदोनला एक विमान वर गेलं. आत ती असेल की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण ते उतरायला आलं तेव्हा मी गाडीतून उतरून उभी राहिले. जमिनीजवळ आल्यावर ते एकदा डावीकडे कलंडलं, मग सरळ झालं. मग आणखी एक हिसका बसला, पुन्हा सरळ झालं. मग धावपट्टीवर टेकलं आणि शेडमागे दिसेनासं झालं.

पुढचा पाऊण तास मी काय केलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की गाडीची काच मी आतून पुसली आणि ती आधीच स्वच्छ होती.

ती गेटमधून चालत बाहेर आली. शर्टावर घामाचा नकाशा. चेहऱ्यावरून काही कळेना. जवळ आल्यावर म्हणाली, "झालं."

"झालं म्हणजे?"

"पास. दोनदा सुटला होता काटा. थांबले, परत आला."

"परीक्षक काय म्हणाले?"

"म्हणाले, दुपारची सवय दिसते."

मी मान डोलावली. आम्ही गाडीत बसलो. मिस्टरांना मेसेज केला. आबांना फोन केला तर त्यांनी आधी "पास व्हयनी का?" विचारलं आणि हो म्हटल्यावर लगेच फोन ठेवून दिला. शेजारच्यांना सांगायचं असेल.

धुळ्याच्या बाहेर पडेपर्यंत ती बडबडत होती. पहिला हिसका कुठे बसला, हात कसा दाबून ठेवला, परीक्षकांच्या पेनचं टोपण कसं खाली पडलं. पुढच्या वळणावर वाक्य अर्ध्यावर राहिलं. पाहिलं तर डोकं खिडकीला टेकून झोपली होती, तोंड उघडं. मी गाडी साठवर आणली आणि तिथेच ठेवली. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात होते, एका एसटीच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून काहीतरी म्हटलंही. जाऊ दिले सगळ्यांना. घाई नव्हती.